फी माफ आहे, भाषा नाही



गेल्या पंधरा दिवसांत एकाच पोस्टरचा फोटो मला नऊ जणांनी पाठवला. "युरोपात मोफत उच्च शिक्षण. चेक प्रजासत्ताक. जागा मर्यादित." कोणी साकोलीच्या बसस्टँडजवळ पाहिलं, कोणी लाखनीत, एकाने थेट तुमसरहून पाठवलं. खाली सगळ्यांचा प्रश्न एकच: "भाऊ, खरं हाये का?" एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहितो. लांब होईल. ज्यांच्या घरात कोणी बारावीला किंवा पदवीला आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

नवीन लोकांसाठी ओळख देतो. मी लाखांदूर तालुक्यातला, ढिवराचा पोरगा. बाबा गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद. मामा तलावात जाळं टाकायचं आणि दीड एकर धान करायचं, यावर आमचं घर चाललं. दहावीपर्यंत मराठी शाळा, नंतर नागपूरला मत्स्यविज्ञानाची पदवी, आणि त्यानंतर तीन वर्षं चेकमध्ये. त्यातलं पहिलं वर्ष फक्त भाषा शिकण्यात गेलं आणि पुढची दोन वर्षं त्याच भाषेतून पदव्युत्तर शिक्षण. म्हणजे या विषयावर मी ऐकीव बोलत नाही.

तर पोस्टर खरं आहे का? अर्धं खरं आहे. चेक देशाच्या १९९८ च्या उच्चशिक्षण कायद्याप्रमाणे तिथल्या सरकारी विद्यापीठात चेक भाषेतून शिकणाऱ्याकडून शिकवणीची फी घेत नाहीत. मग तो प्रागचा असो की पवनीचा. अर्जाचं थोडं शुल्क लागतं, आणि ठरलेल्या मुदतीपेक्षा वर्षभराहून जास्त रेंगाळलात तर पैसे भरावे लागतात. बाकी फी शून्य. हे कोणाच्या मेहरबानीने नाही, कायदाच तसा आहे.

आता पोस्टरवर जे छापलं नाही ते. "चेक भाषेतून" हे दोन शब्द. तोच अभ्यासक्रम इंग्रजीतून घेतला की फी सुरू होते, आणि वैद्यकीयसारख्या शाखेत ती वर्षाला दहा लाखांच्या वर सहज जाते. चेक भाषेतून शिकायचं तर प्रवेशाआधी भाषा येते हे दाखवावं लागतं, बहुतेक ठिकाणी बी-टू पातळीपर्यंत. बी-टू म्हणजे "नमस्कार, मी भंडाऱ्याचा" एवढं नाही. वर्गातलं भाषण ऐकून टिपणं काढता आली पाहिजेत, आणि मास्तरांनी उलट प्रश्न केला तर बाजू मांडता आली पाहिजे. ती पातळी गाठायला शून्यापासून साधारण एक पूर्ण वर्ष लागतं, तेही रोज पाच-सहा तास बसून. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाची यासाठी वेगळी संस्था आहे. तिचं एक केंद्र लाबे नदीच्या काठावर पोद्येब्रादी नावाच्या छोट्या गावात, चक्क जुन्या राजवाड्यात भरतं. हे तयारीचं वर्ष मोफत नाही. त्याची फी काही लाखांत जाते, वर राहणं, जेवण, विमा, व्हिसा, कागदांवर अपोस्टिल, कागदांची भाषांतरं. आणि खात्यात पैसे आहेत हे दूतावासाला दाखवणं वेगळंच. म्हणून "मोफत" ऐकून कोणी कागदावर सही करत असेल तर आधी एवढंच विचारा: पहिल्या वर्षी एकूण किती लागतील, आकडा लिहून द्या. एजंट आकडा लिहून देत नसेल तर तिथून उठा.

डॉक्टर व्हायचं असलेल्यांनी तर हा रस्ताच विसरा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातली वैद्यकीय पदवी भारतात चालायची असेल तर किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच विद्यापीठात १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि शिक्षणाचं माध्यम इंग्रजी, हे सगळं लागतं. चेक भाषेतून फुकट एमबीबीएस करून भंडाऱ्यात दवाखाना टाकता येणार नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमधून पोरं कशी परत आली ते आपण पाहिलंय. तरी दर वर्षी नवीन देशाचं पोस्टर लागतं आणि दर वर्षी कोणाची तरी बांधी विकली जाते.

एवढं ऐकूनही ज्यांना जायचं आहे, त्यांच्यासाठी आता खरी गोष्ट. भाषेची.

मी मासे शिकायला गेलो. चेक देशाला समुद्र नाही, हे ऐकून बाबा हसले होते. पण त्या देशाचा दक्षिण भाग म्हणजे जवळपास आपला जिल्हाच. तलावच तलाव. आपल्याकडे कोहळी लोकांनी तलाव बांधले, तिकडे सोळाव्या शतकात त्र्शेबोन गावाभोवती सरदारांच्या पदरी असलेल्या लोकांनी बांधले. त्यातला सगळ्यात मोठा रोझम्बेर्क तलाव याकुब कर्चीन नावाच्या माणसाने १५८४ ते १५९० या काळात बांधून घेतला. अजूनही पाणी जवळपास पाचशे हेक्टरांवर असतं. तलावांना पाणी पुरवायला सुमारे ४८ किलोमीटरचा एक कालवा आहे, तोही त्याच शतकातला. चेस्के बुद्येयोवित्से शहरातल्या दक्षिण बोहेमिया विद्यापीठाची मत्स्यशास्त्राची आणि जलसंरक्षणाची एक स्वतंत्र शाखाच आहे, आणि तिचं मोठं केंद्र वोदन्यानी नावाच्या गावात आहे. तिथे मत्स्य संशोधन १९२१ पासून चालू आहे. आपल्या पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत, त्यांच्यावर हजारो ढिवर कुटुंबं जगतात, आणि तलावातल्या माशांचा असा जमून अभ्यास कुठे होतो असं मी शोधत होतो तेव्हा हे नाव सापडलं. फी परवडणारी नव्हती, म्हणून भाषेचा रस्ता धरला. माझं गणित एवढंच होतं.

चेक भाषा अवघड आहे. कोणी सोपी म्हणाला तर तो शिकलेला नाही. "र" आणि "झ" एकाच दमात काढायचा एक आवाज आहे, तो मला चार महिन्यांनी जमला, तोही थंडीत दात वाजत असताना. काही शब्दांत स्वरच नसतो. बोटाला "प्रस्त" म्हणतात, त्यात "प्र" नाही, "पृ"सारखं काहीतरी आहे. लांडग्याला "व्ल्क". वर्गातल्या बाकी देशांच्या पोरांची जीभ इथे वळेना. मला मात्र एक दिवस उजेड पडला की हे आपल्या "ऋ"सारखं आहे. कृष्ण, वृक. आणि संस्कृतात लांडग्याला वृकच म्हणतात! अंधाराला चेकमध्ये "त्मा", आपला तम. आकाशाला "नेबे", आपलं नभ. विधवेला "व्दोवा". या मावस-चुलत शब्दांनी मजा येते, घरची आठवण कमी होते. परीक्षेत मात्र त्यांचा काडीचा उपयोग होत नाही, हेही सांगून ठेवतो.

उपयोग झाला तो विभक्तीचा. शाळेत "स, ला, ते" घोकलं होतं तेव्हा वाटलं, हे कशाला. चेकमध्ये सात विभक्ती, तीन लिंगं, आणि पुल्लिंगात वर सजीव-निर्जीव असा भेद. "तलाव पाहतो" म्हणायचं तर तलावाचा शब्द बदलत नाही, पण "कार्प मासा पाहतो" म्हणताना माशाच्या शब्दाला शेपूट लागतं, कारण तो जिवंत आहे. इंग्रजी बोलणारी पोरं यावर डोकं आपटत होती. आपण तर रोज बोलतो: "दोर बांध", पण "गाईला बांध". दोराला "ला" लागत नाही, गाईला लागतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण जिभेला माहीत होतं. ज्या दिवशी मी वहीत इंग्रजीऐवजी मराठी अर्थ लिहायला लागलो, त्या दिवसापासून वेग वाढला. तोपर्यंत मी चेकचं इंग्रजी करत होतो आणि इंग्रजीचं मनात मराठी. दोन नावा बदलून नदी पार करायचा प्रकार.

आणि त्याहून मोठी गोष्ट झाडीबोलीची.

आमच्या घरात मराठी नाही बोलत, झाडी बोलतात. ण, ळ, श आमच्या तोंडात नाहीत. पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोरा, तलावाची पाळ म्हणजे पार. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला, तिचं साहित्य संमेलन उभं केलं, म्हणून आज ती "बोली" म्हणून तरी ओळखली जाते. माझ्या शाळेच्या दिवसांत ती फक्त "अशुद्ध" होती. वर्गात उभं राहून "मासोरी" म्हटलं की हशा व्हायचा. म्हणजे पहिलीपासूनच मी एक भाषा घरी ठेवून दुसरी अंगावर घालून जात होतो.

आता तिकडची गंमत ऐका. पोद्येब्रादीत वर्षभर पुस्तकी चेक शिकून मी वोदन्यानीत पोचलो तर गावात कोणी ती बोलतच नव्हतं! पुस्तकात "चांगला" म्हणजे "दोब्री", गावात "दोब्रेय". पुस्तकात खिडकी "ओक्नो", गावात "वोक्नो". प्राध्यापकसुद्धा फळ्यावर एक लिहितात आणि तोंडाने दुसरं बोलतात. माझ्याबरोबरच्या एका परदेशी पोराला रडू यायचं बाकी होतं. एवढे पैसे भरून चुकीची भाषा शिकवली म्हणायचा. मला मात्र पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं. पुस्तकाची भाषा एक आणि चुलीजवळची एक, यात नवल काय? मी तर लहानपणापासून तेच करत आलो. फरक एवढाच की त्या गावात "वोक्नो" म्हणणाऱ्याला कोणी हसत नाही.

तरी पहिले तीन महिने वर्गात मला जे ऐकू येत होतं त्यातलं अर्धं वाहून जायचं. पाण्याच्या रसायनशास्त्राचा तास होता. मला ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन हे शब्द इंग्रजीत पाठ, वाटलं हे तरी जगात सगळीकडे सारखे असतील. नाही! ऑक्सिजन म्हणजे "किस्लीक", हायड्रोजन "वोदीक", नायट्रोजन "दुसीक". किस्लीक हा आंबट या अर्थाच्या शब्दावरून, वोदीक पाण्यावरून. घरी येऊन शोधलं तर कळलं, दोनशे वर्षांपूर्वी यान प्रेस्ल नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या काळच्या लोकांनी बसून हे शब्द घडवले. त्या वेळी त्यांच्यावर राज्य ऑस्ट्रियाचं, शिकलेल्या लोकांची भाषा जर्मन, आणि चेक म्हणजे शेतकऱ्यांची आणि मोलकरणींची भाषा. प्रागच्या विद्यापीठाचे १८८२ मध्ये जर्मन आणि चेक असे दोन भाग झाले, तोपर्यंत आपल्या भाषेत वरचं शिक्षण मिळावं म्हणून ते झगडतच होते.

आज त्या देशाची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर आहे. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख. प्राणवायू, नत्रवायू हे शब्द आपणही घडवले, आणि ते दहावीच्या पुस्तकात सोडून दिले. आपल्या भाषेला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आनंद आहे, मीही स्टेटस ठेवला होता. पण आमच्या तालुक्यातलं पोरगं दहावीचा पेपर मराठीत देतं आणि जुलैत अकरावी विज्ञानाच्या वर्गात बसतं तेव्हा फळ्यावर सगळं इंग्रजीत असतं. मध्ये एक दिवसाचीही तयारी नाही. चेक लोक परक्या माणसाला वर्गात घेण्याआधी एक वर्ष भाषा शिकायला लावतात, आणि आपण आपल्याच पोराला एका उन्हाळ्यात, आंबे खाता खाता, भाषा बदलायला सांगतो. मग बारावीत टक्के पडले की म्हणतो, "गावच्या पोरायले विज्ञान नाही जमत." माझ्या वर्गातले सहा जण अकरावीतच कला शाखेत गेले किंवा घरी बसले. ती पोरं मठ्ठ नव्हती. त्यातला एक आज ट्रॅक्टरचं इंजिन आवाजावरून ओळखतो.

चेक शिकताना मला जेवढा त्रास झाला, तेवढाच अकरावीत झाला होता. फक्त अकरावीत त्याला नाव नव्हतं, आणि कोणी विचारलंही नाही. यावर जिल्ह्यातल्या शिक्षक मंडळींनी जरा लिहावं, माझी विनंती आहे. अकरावीच्या सुरुवातीला सहा आठवडे फक्त विज्ञानाचं इंग्रजी शिकवलं, तर केवढा खर्च येईल?

असो. तिकडे तग कसा धरला ते सांगतो, कारण खरा प्रश्न तोच असतो.

एक वही केली, तीन रकान्यांची. पहिल्या रकान्यात चेक शब्द, दुसऱ्यात झाडी किंवा मराठी, तिसऱ्यात जिथे लागू असेल तिथे लॅटिन नाव. लॅटिन नावं जगभर तीच असतात, त्यामुळे मासा हरवत नाही. चेक लोक ज्याला "काप्र" म्हणतात आणि नाताळच्या रात्री तळून खातात, तो आपल्याकडे संस्थेच्या तलावात रोहू-कटल्याबरोबर सोडतात तो सायप्रिनस. बाबांना फोनवर सांगितलं की इकडे लोक सायप्रिनससाठी वर्षभर वाट बघतात, तर त्यांचा विश्वास बसेना. "आपल्याकडे तं रोहू संपल्यावर घेतेत त्याले."

दुसरं, वर्गाबाहेर पडलो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे तलाव उपसून मासे काढतात. पाणी आधी हळूहळू सोडत आणतात, मासे पाळीजवळच्या खोल भागात गोळा होतात, आणि पहाटे थंडीत ओढजाळं लावतात. आम्ही विद्यार्थी हाताखाली असायचो. तिथले म्हातारे कामगार पुस्तकातलं चेक बोलत नाहीत, हळूही बोलत नाहीत, पण हातात वस्तू धरून बोलतात. पुस्तकातून जे शब्द महिनाभर डोक्यात बसले नव्हते ते दोन पहाटेत बसले. पाळीतून पाणी सोडायची जी चौकोनी उभी रचना असते तिला ते "पोझेराक" म्हणतात, म्हणजे गिळणारा. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे याला तुडूम म्हणतात, आणि जादा पाणी जिथून सांडतं त्याला सलंग. त्यांनी तो "तुडूम" दिवसभर म्हणून पाहिला आणि हसले. काही वर्षांनी तलाव उन्हाळाभर कोरडा ठेवायच्या त्यांच्या जुन्या पद्धतीला त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द आहे. आपण तलावाच्या पोटात गाळपेर करतो, तिचा भाऊच. हे शब्द जुळत गेले तसा मी वर्गात तोंड उघडायला लागलो. कारण आता माझ्याकडेही सांगण्यासारखं काही होतं.

तिसरं, परीक्षा. तिथे बऱ्याच परीक्षा तोंडी असतात. चिठ्ठी उचलायची, थोडा वेळ विचार करायचा, आणि प्राध्यापकांसमोर बसून बोलायचं. साधारणपणे एका विषयाला तीन संधी मिळतात आणि तारीख आपणच निवडायची. लेखी परीक्षेत पाठांतर चालतं, तोंडीत चालत नाही. पहिल्या सत्रात एका विषयात मी पहिल्या वेळी नापास झालो. विषय येत होता, पण मधल्या प्रश्नावर गाडी अडली आणि मग शब्दच येईनात. दुसऱ्या वेळी जायच्या आधी मी खोलीतल्या भिंतीला चार दिवस शिकवलं, मोठ्याने, चेकमध्ये. शेजारचा पोरगा वैतागला. पास झालो. तेव्हापासून प्रत्येक विषय भिंतीला शिकवूनच गेलो.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे अंधार. डिसेंबरात दुपारी चारला दिवस संपतो. तलाव गोठलेला, मासे खाली निजलेले. दिवसभर परक्या भाषेत ऐकून डोकं असं थकतं की संध्याकाळी कोणतीच भाषा नको वाटते. आपलं कोणी नाही, मराठी सोडा, हिंदी बोलायलाही शहरात जावं लागायचं. त्या दिवसांत मी घरी रोज फोन करणं बंद केलं आणि दर रविवारी एक तास ठरवला. रोज बोललं की मन तिकडेच राहतं. आईला ते आवडलं नाही. पण त्या एका तासात मग आम्ही सगळं बोलायचो, धानाच्या भावापासून ते कोणाच्या लग्नात किती जेवले इथपर्यंत, आणि फक्त झाडीत.

पैशाचं बोलायचं तर, पदवीचा अभ्यासक्रम पूर्णवेळ सुरू झाला की तिथे विद्यार्थ्याला कामाचा वेगळा परवाना लागत नाही. मी सुट्यांत काम केलं. भाषा येत असली की काम मिळतं, हा भाषेचा दुसरा फायदा. आणि एक गोष्ट धोरण ठरवणाऱ्यांनी ऐकावी. आपल्या राज्याच्या परदेशी शिष्यवृत्त्यांना विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. क्रमांक बघतात तो संपूर्ण विद्यापीठाचा. त्या क्रमवारीत खूप खाली असलेलं, पण तलावातल्या माशांत शंभर वर्षांचं काम असलेलं ठिकाण त्यात बसत नाही. ढिवराच्या पोराने मासे कुठे शिकावेत हे शहरातली यादी ठरवते. एकूण क्रमांकाबरोबर विषयही बघितला तर भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या पोरांना दारं उघडतील.

आता घरचा विषय, ज्यामुळे ही पोस्ट लिहायला बसलो.

माझ्या चुलतभावाची मुलगी यंदा साकोलीहून बीएस्सी झाली. हुशार आहे, आणि तिने ठरवलंय की काकासारखं जायचं. पोस्टरवाल्याने भावाला सांगितलं, "सगळं मोफत, फक्त आमची प्रोसेसिंग फी आणि पहिल्या वर्षाची सोय." ती सोय करायला भाऊ एक एकर विकायला निघाला होता. गिऱ्हाईकही बघून झालं होतं. मला म्हणाला, "तू गेलास तं तिनं काहून नाही जावं? पोरगी हाये म्हून?" त्याचा प्रश्न बरोबर होता, आणि त्याला मी नाही म्हणालो नाही. तिने जावं. पण क्रम बदलायचा.

आम्ही असं ठरवलंय. जमीन विकायची नाही. आधी सहा महिने घरी बसून चेक शिकायचं, इंटरनेटवर फुकट धडे आहेत, आणि आठवड्यातून दोनदा माझ्याशी तासभर बोलायचं. ए-टूपर्यंत पोचली तर पुढचं बघू, कारण तेवढं इथे शिकून गेलं की तिकडच्या वर्षाचा ताण अर्धा होतो. या सहा महिन्यांत तिला ही भाषा नकोच वाटली तर काही हजारांत सुटका, एक एकरात नाही. अर्ज आपण स्वतः करायचा, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून. बहुतेक ठिकाणी अर्जाची मुदत फेब्रुवारी ते एप्रिलच्या आसपास संपते, त्यासाठी कोणाला लाखभर द्यायची गरज नाही. तिच्या पदवीला तिथे मान्यता मिळते का, हे त्या विभागाला ईमेल करून आधीच विचारायचं. उत्तर येतं, मला आली होती.

भावाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे यंदा त्या बांधीत रोवनी करू?" मी म्हटलं, कर. परे टाकून झालेत.

पोरीचे पाच आठवडे झाले. विभक्तीवरून तिची माझ्याशी भांडणं चालू आहेत, "र" आणि "झ" अजून वेगवेगळे निघतात. परवा तिने पहिलं वाक्य स्वतः जुळवून पाठवलं: आमच्या गावात तलाव आहे आणि त्याची पार जुनी आहे. व्याकरणात एक चूक होती, मी दुरुस्त करून पाठवली, तिने मला विचारलं की मग गावचे लोक हे कसं म्हणतात.

ज्यांना कागदपत्रांची यादी हवी त्यांनी कमेंटमध्ये फक्त "यादी" लिहा, मी पाठवतो. एजंटने लिहून दिलेला खर्चाचा कागद असेल तर त्याचा फोटो नावं झाकून इनबॉक्समध्ये टाका, सोबत बसून वाचू. रविवारी सकाळी करू नका, त्या वेळी मी संस्थेच्या लोकांबरोबर बीज सोडायला तलावावर असतो आणि तिथे रेंज नाही.